बाबूमियाँशी जोड

आमच्या घरात संध्याकाळी जेवणाआधी एक मेलेला माणूस एका जित्या माणसाशी कुस्ती खेळायचा, आणि अम्मा चुलीपुढून ओरडायची, "कोण पडायचा तो पडू द्या लवकर, भाकरी गार होतीय!" मेलेला माणूस म्हणजे माझे आजोबा, बाबूमियाँ पैलवान. मी त्यांना बडे अब्बा म्हणायची, पण ते नुसतं म्हणण्यापुरतं; माझ्या जन्माच्या आधीच ते गेले होते. जिता माणूस म्हणजे चिमा. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला पोरगा, अंगाने शिसवीसारखा काळा आणि बोलायला लाजाळू. माझे अब्बा दिवसा कापूस पिंजायचे आणि पहाटे-संध्याकाळी जुन्नरच्या एका तालमीत वस्ताद म्हणून उभे राहायचे. चिमा त्यांचा पट्ठा. झोपायला तालमीत, जेवायला आमच्याकडे. मी त्याला चिमादादा म्हणायची, तो मला "नुरे" म्हणायचा, आणि माझ्या ताटातला गूळ न विचारता उचलायचा.

घर कसलं, एक लांबट खोली आणि पुढे पडवी. पडवीत अब्बांचं पिंजण आढ्याला टांगलेलं. त्याच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दांडक्याचा ठोका पडला की ट्यँव, ट्यँव असा आवाज निघायचा आणि कापूस उडून सगळीकडे बसायचा. केसांत कापूस, पाण्याच्या माठावर कापूस, कालवणात कापूस. पाहुणे नाकं मुरडायचे, अम्मा म्हणायची, "खा हो, पोटात गादी होईल." हिवाळ्यात गाद्या भरून घेणाऱ्यांची झुंबड. तेव्हा अब्बा पिंजण खांद्यावर टाकून पेठ, महाळुंगे, घोडेगाव अशी गावं पालथी घालायचे. त्यांचे दंड त्या दांडक्यानेच घडले होते. बडे अब्बांचेही तसेच. आमच्या खानदानात जोर-बैठका नंतर आल्या, कापूस आधी. सुटीला चिमा डोंगरातल्या त्याच्या घरी जाई आणि येताना फडक्यात बांधून तांदूळ आणी. तो तांदूळ शिजायला लागला की शेजारची बाई दारात येऊन उभी राहायची, काही काम नसताना. आता दुकानात सुवासिक म्हणून जो मिळतो तो मी नातसुनेला परत करायला लावते. तिला वाटतं म्हातारी खवचट आहे. आहेच मी.

तर त्या कुस्तीचं सांगत होते. आम्ही त्याला 'जोड लावणं' म्हणायचो. जत्रेच्या फडात पंच जशी दोन तोलामोलाचे पैलवान बघून जोड लावतात, तशी आम्ही घरात लावायचो, फक्त आमच्या जोडीतला एक पैलवान बहुधा कबरीत नाहीतर मसणात असायचा. अब्बांच्या तरुणपणी नारायणगावाकडे कोणी दांडगा होता, त्याची आणि कालच्या जत्रेत जिंकलेल्या पोराची जोड. बडे अब्बांच्याही वस्तादाची आणि चिमाची जोड. मी कापसाचे पैलवान करायची. कापूस ओला करून पिळला की छान हातपाय निघतात. पाटावर दोघांना उभं करून मी विचारायची, "हं, बोला, सलामी झाली, आता?" मग एकाने एका पैलवानाच्या वतीने डाव सांगायचा, दुसऱ्याने त्याची तोड. तोड सुचली नाही की मी त्या कापसाच्या माणसाला चीत करायची. यात कुणी खोटं बोलायचं नाही एवढाच नियम. जो डाव त्या माणसाला खरोखर येत होता तोच सांगायचा.

खोटं बोलणाऱ्याला पकडायला नामूतात्या असायचे. नामूतात्या माळी, बडे अब्बांचे लंगोटीयार, तालमीत त्यांच्याशी रोज धरणारे. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, काठी टेकत यायचे, आणि अम्माने दिलेल्या चहाची बशी हातानेच चाचपून घ्यायचे. पण कुस्तीचं नाव काढलं की अंगात वारं शिरायचं. "न्हाई, न्हाई, न्हाई! बाबूमियाँ आधी पट काढायचा न्हाई. बाबूमियाँला घाईच नव्हती रं. त्यो समोरच्याच्या मानंवर हात ठेवायचा, असा, जसा लेकराला थोपटतोय, आन् म्हनायचा, 'या बेटा, या.' त्या हाताखाली माणूस निम्मा तिथंच विरघळायचा!" हे सांगताना ते माझ्या मानेवर हात ठेवायचे, आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा यायचा. सगळी पंचक्रोशी सांगायची, बाबूमियाँच्या पाठीला माती लागली नाही. ना शिवनेरीच्या पायथ्याच्या फडात, ना पेठेला, ना आणखी कुठे. लहानपणी मला वाटायचं की त्यांची पाठ काही वेगळ्याच कातड्याची असणार.

जोड शेवटी नेहमी तिथेच यायची: बाबूमियाँ आणि चिमा. आणि ती कधी निकाली निघायची नाही. तात्या आजोबांकडून, अब्बा चिमाकडून. खरं तर अब्बा दोघांकडून. ते चिमाचा एखादा जोरदार डाव सांगायचे, आणि तात्या अडखळले की आपणच बापाची तोड पुरवायचे. चिमा बिचारा गप्प बसून भाकरीचे तुकडे मोडायचा. एकदा मीच चिडून त्याला म्हटलं, "अरे बोल की, तुला काय वाटतं?" तर म्हणाला, "नुरे, म्या त्येंच्याशी हातच मिळवंन का न्हाई, ह्येचीच शंका हाय." त्यावर नामूतात्या इतके खूश झाले की बशीतला चहा सांडला. अम्मा मात्र त्या दिवशी भडकली. परात आपटून म्हणाली, "पाठीला माती लागली न्हाई, माती लागली न्हाई! पडून होते तेव्हा ती पाठ रोज मी धुतलीय. झोपून झोपून फोड आले होते पाठीला. तेव्हा कुठं होते तुमचे हलगीवाले? त्या माणसाला आता तरी निजू द्या." नामूतात्यांनी काठी शोधली आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर हजर, आणि अम्मानेही चहा दिला.

त्याच हिवाळ्यात चिमाचे वडील डोंगरातून उतरून आले. सोबत हिरड्याचं पोतं विकायला आणलेलं. पडवीत उकिडवे बसले, अम्माने दिलेलं पाणी प्यायले आणि सरळ म्हणाले, "वस्ताद, पोराला आता घरी धाडा. थोरला गेला माजा. भाताची खाचरं कोन बगनार? म्या एकला किती वढू?" थोरला मुलगा तापाने गेला होता, हे आम्हाला तेव्हाच कळलं. चिमा खाली बघत होता. अब्बा म्हणाले, "महाळुंग्याची जत्रा होऊ द्या. या खेपेला मानाची कुस्ती त्याची हाय. मानाचा फेटा डोक्याला बांधूनच पाठवतो." म्हाताऱ्याने मान हलवली. "एक जत्रा. मंग न्हाई." म्हणजे चिमाच्या सगळ्या कुस्तीचं त्या एका दुपारवर येऊन ठेपलं. ज्या पोराने मिसरूड फुटायच्या आधीपासून तालमीच्या हौदातली माती खणली, त्याला मानाचा फेटा मिळाला तर त्या एका दिवशी मिळणार, नाहीतर जन्मात नाही. मी त्या दिवसापासून दर्ग्यातही नवस बोलले आणि तालमीतल्या मारुतीलाही. दोघांनाही वेगवेगळं कबूल केलं.

जत्रेला आम्ही आदल्या दिवशीच बैलगाडीने निघालो. अम्मा, मी, नामूतात्या गाडीत. अब्बा आणि चिमा पायी. अम्माने बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी आणि चिमासाठी तुपातला शिरा बांधून घेतला होता. महाळुंगे पडवळला अब्बांना घरोघर ओळखत. निम्म्या गावाच्या गाद्या त्यांच्या हातच्या. फड गावाबाहेर मळ्यात. तांबडी माती, ताक-तेल-हळद घालून मळलेली, लांबूनच वास येत होता. बायका आणि मुली फडात जात नसत. आम्ही गाड्या उभ्या केल्या होत्या तिथून, साट्यांवर उभं राहून बघायचं. तिथून तर जास्तच चांगलं दिसतं, हे पुरुषांना कधी कळलं नाही. पलीकडच्या बांधावर डोंगरातली माणसं बसली होती, चिमाचं अख्खं गाव. घोंगड्या पांघरून, रात्रभर चालून आलेली. चिमाचे वडील सगळ्यांत पुढे.

लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या, मग मधल्या. चिमा अंगाला माती चोळून तयार. मानाच्या कुस्तीला नाशिककडचा एक नावाजलेला पैलवान यायचा होता. तो काही येईना. शेवटी सायकलवरून एक माणूस निरोप घेऊन आला: पैलवान आजारी, अंथरुणाला खिळलाय. फडात कुजबुज सुरू झाली. आता चिमाने रिवाजाप्रमाणे हात वर करून फडाला फेरी मारली, की आहे का कोणी धरणारा. कोणी उठेना. जे उठले असते त्यांना त्याने गेल्या दोन हंगामांत लोळवलं होतं. दुसरी फेरी. कोणी नाही. पंचांमधले म्हातारे पाटील फेट्याच्या ताटापाशी उभे होते, त्यांचं तोंड उतरलं. भले माणूस होते ते. पण त्या फडाचा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता: जोड नाही तर फेटा नाही. कुस्तीशिवाय फेटा दिला तर तो मान नाही, भीक. तो देवळात परत जायचा आणि पुढच्या वर्षीच बाहेर निघायचा. चिमाला पुढचं वर्ष नव्हतं. तो फडाच्या मधोमध हात वर करून उभा राहिला आणि मला गाडीवरून त्याची मान हळूहळू खाली जाताना दिसली. मी मोठ्याने रडायला लागले. अम्मा मला गप्प करत होती आणि स्वतः नाक पुसत होती.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी फटकळ ओरडला, "आरं, ह्याची जोड आता कबरस्तानात शोदा! बाबूमियाँ पैलवानाशी लावा!" लोक हसले. हसण्यासारखंच होतं. पण नामूतात्या काठी टेकून उठले आणि गरजले, "मग लावा की! हसताय काय?" पाटील म्हणाले, "तात्या, आवो गेलेल्या माणसाशी जोड कशी लावायची?" तात्या म्हणाले, "पाटील, इथं म्हातारी मानसं हायत, इचारा त्यास्नी. ह्याच फडात बाबूमियाँनं मानाची कुस्ती मारली आन् हात वर करून फेरी काढली, का न्हाई? हाय का कोनी, म्हनून? कोन उठला? कोनी न्हाई. त्याच्या पाठीला माती लागली का? न्हाई. त्याचा हात अजून खाली आलेला न्हाई, पाटील. त्यो अजून फडातच हाय." आज हे लिहिताना मला कळतंय की याला काही अर्थ नाही. पण त्या मळ्यात, त्या उन्हात, शेकडो शहाण्यासुरत्या माणसांना ते एकदम पटलं. हसू थांबलं. म्हातारे माना डोलवायला लागले. खरंच की, बाबूमियाँची फेरी अजून उभीच आहे. चूक म्हणा, भाबडेपणा म्हणा, आमच्याकडे कुस्तीच्या बाबतीत माणूस मरतो तो पडल्यावरच.

"आन् खेळनार कोन त्याच्याकडनं?" पाटलांनी विचारलं. तात्यांनी काठी उचलून अंदाजाने रोखली. रोखली ती दुसऱ्याच कुणावर, पण सगळ्यांना समजलं. सगळे अब्बांकडे बघायला लागले. अब्बा पांढरे पडले. त्यांनी कुस्ती सोडून कैक वर्षं झाली होती. केस पिकले होते, पोट थोडं सुटलं होतं. शिवाय लोक त्यांना तोंडावर म्हणायचे, बापाची सर नाही. ते म्हणाले, "तात्या, मला अब्बांची कुस्ती कुठं येते?" तात्या म्हणाले, "समद्यात जास्त तुलाच. त्याचा एकेक डाव तुज्यावर घडलाय. आमी त्याची कुस्ती बगितली, तू ती खाल्लीयंस." हे खरं होतं. लहानपणापासून बडे अब्बा प्रत्येक नवा डाव आधी या पोरावर घालून बघायचे. अब्बा उभेच. पडले तर बापाचं नाव मातीत, आणि अंग आखडून खेळले, चिमाला मुद्दाम सोपं केलं, तर पोराच्या फेट्याला भिकेचा डाग. न उठावं तर पोरगा तसाच डोंगरात जाणार. मी साट्यावरून ओरडले, "अब्बा, खेळा ना!" सगळा फड माझ्याकडे वळून बघायला लागला. अम्माने माझा कान पिरगळला, तो अजून दुखतो.

अब्बांनी सदरा काढला. पण आता चिमाच हटून बसला. "म्या वस्तादास्नी हात लावनार न्हाई. पाप लागंल." पट्ठ्याने वस्तादाशी निकाली धरायची नसते, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. अब्बा त्याच्याजवळ गेले, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा वस्ताद तिथं गाडीपाशी सदरा धरून उभा हाय. इथं बाबूमियाँ हाय. बाबूमियाँला तू सूट दिलीस, तर तुझ्या वस्तादाला पुन्हा तोंड दाखवू नकोस." चिमा रडतच हो म्हणाला. पाटलांनी पुकारा केला: जुन्नरचे बाबूमियाँ पैलवान आणि डोंगरातला चिमा पैलवान, मानाची कुस्ती, निकाली. अब्बांनी मातीला हात लावला, कपाळाला लावला, "या अली" म्हणाले आणि चालत मध्यभागी आले.

ते चालणं अब्बांचं नव्हतं. कसं सांगू? अब्बा घाईने, पुढे झुकून चालायचे, कापसाचं ओझं असल्यासारखे. हा माणूस सावकाश, टाचा रोवत, जणू सगळा मळा त्याचाच आहे असा आला. त्याने मूठभर माती घेतली आणि स्वतःच्या नव्हे, चिमाच्या पाठीला चोळली, नीट, माया करावी तशी. म्हाताऱ्यांच्या रांगेतून एकदम "आहाहा" असा आवाज उठला. नामूतात्यांना दिसत तर काहीच नव्हतं. ते मान तिरकी करून ऐकत होते. "आला," ते म्हणाले. "पाऊल आलं त्याचं." हलगीवाल्याने काही न सांगता ठेका बदलला, संथ केला. पुढे कळलं की बाबूमियाँसाठी या हलगीवाल्याचा बाप तोच ठेका धरायचा. चिमाच्या मानेवर हात पडला आणि मला, एवढ्या लांबून, ओठ हलताना दिसले: या बेटा, या.

आणि चिमा, ज्याला दोन हंगाम कोणी हलवलं नव्हतं, तो डगमगला. त्याने पाय धरून पट काढायला झेप घेतली, तर तो हात तिथेच, मानेवर. नुसता दाबला, आणि चिमा गुडघ्यावर आला. उठला. पुन्हा तेच. अब्बांना आयुष्यात कधी न जमलेला ढाकेचा डाव त्या दुपारी लागला. चिमा हवेत फिरला आणि पाठीवर पडता पडता पोटावर वळला, म्हणून वाचला. फडातली माणसं उभी राहिली. कोणी ओरडत नव्हतं. देवळात आरतीच्या आधी असते तशी शांतता होती. मी सहज अम्माकडे बघितलं. मघापासून "या वयात काय ही थेरं" असं पुटपुटत शेंगा फोडणारी अम्मा ताठ उभी होती आणि तिने पदर पुढे कपाळापर्यंत ओढून घेतला होता. नवऱ्यासमोर ती कधी पदर ओढायची नाही. असा पदर ती सासऱ्यांसमोर घ्यायची. तिला स्वतःला ते कळलंही नव्हतं. मी भीतीने तिच्या हाताला धरलं.

पण कितीही झालं तरी फुप्फुसं अब्बांची होती. थोड्या वेळाने ते धापा टाकायला लागले, आणि मग असं काही झालं की जे मी दुसरीकडे कुठे घडलेलं ऐकलं नाही. नामूतात्या ओरडले, "थांबवा! ही धाप बाबूमियाँची न्हाई! बाबूमियाँला धाप लागत नव्हती!" पंच एकमेकांकडे बघायला लागले. बरोबर होतं. म्हाताऱ्यांनी साक्ष दिली: बाबूमियाँ दिवे लागेपर्यंत झुंजले तरी श्वास चढायचा नाही. मग ही धाप धरायची कशी? पाटलांनी निवाडा दिला की धाप वस्तादाची आहे, कुस्तीत धरायची नाही. हलगी थांबली. अब्बा बसून दम खाईपर्यंत चिमा जिथल्या तिथे, ज्या पवित्र्यात होता त्याच पवित्र्यात वाकून थांबला. कोणीतरी अब्बांना पाणी दिलं. श्वास खाली बसला, तात्यांनी कान देऊन तो ऐकला, "हां, आता त्योच हाय," असं सांगितलं, आणि कुस्ती तिथून पुढे सुरू झाली. असं बऱ्याचदा झालं. चिमाची धाप मात्र चिमाचीच होती, तिला कोणी माफी दिली नाही. तो बिचारा वाकलेल्या अंगाने उन्हात उभा राहून घामाने न्हाला. एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. चिमालाही नाही. मी नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, "मंग? मेलेल्या माणसाला धाप कशी लागंल, नुरे?"

सावल्या लांब व्हायला लागल्या. चिमा आता वेगळं खेळत होता. मानेवरच्या हाताला घाबरणं त्याने सोडलं होतं. हात आला की तो त्याच्याकडे झुकायचा, लेकरू झुकतं तसा, आणि त्या हाताला दाबायला काही उरायचंच नाही. अब्बांनी, नव्हे, त्या माणसाने दोनदा डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा हात पडला तसा चिमा खाली वितळला, आत शिरला, दोन्ही पायांना मिठी घातली आणि उभा राहिला तो त्या अख्ख्या देहाला घेऊनच. क्षणभर ते वर होते, सगळ्यांच्या डोक्यांवर, तोंड आमच्या गाड्यांकडे. तो चेहरा मी विसरणार नाही. अब्बा खेळात हरायला लागले की खालचा ओठ चावायचे, आमच्या पाटावरच्या कापसाच्या कुस्तीतसुद्धा. हा चेहरा ओठ चावत नव्हता. मग चिमाने त्यांना खाली आणलं, अगदी सांभाळून, आणि दोन्ही खांदे मातीला टेकवले.

हलगी वाजली नाही. चिमा बाजूला होऊन उभा राहिला. पाटलांनी अब्बांना उठवलं, पाठीवरून हात फिरवून बघितला, तळहात मातीने लाल झाला. तो सगळ्यांना दाखवला. मग ते अडले. त्यांनी अब्बांना हळू आवाजात विचारलं, पण शांतता इतकी की सगळ्यांना ऐकू आलं, "वस्ताद, ही पाठ कुनाची धरायची?" तेव्हा कुठे फडाच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. पाठ वस्तादाची, तर बाबूमियाँचं नाव शाबूत, पण पट्ठ्याने वस्तादाला पाडलं आणि वस्तादावरची कुस्ती मानाची नाही, फेटा देवळात. पाठ बाबूमियाँची, तर इतक्या वर्षांची ती गोष्ट इथे, या मळ्यात संपली. बहुतेक लोकांना काय हवं होतं ते दिसत होतं. "वस्तादाची, वस्तादाची," असं दोघेतिघे म्हणालेही. चिमाचे वडील बांधावर उठून उभे राहिले होते. चिमा हात जोडून मान हलवत होता, की वस्ताद, माझ्यासाठी नको. माझ्या अब्बांच्या आयुष्यात दुसरं काही मोठं नव्हतं. पिंजण, एक लांबट खोली, आणि कधी न हरलेला बाप. त्यांनी अंगावरची माती झाडली नाही. म्हणाले, "अब्बांची. पाठ माझ्या अब्बांची व्हती. कुस्ती चिमाची."

डोंगरातल्या माणसांनी जी आरोळी दिली ती ऐकून बैल उधळले. चिमा अब्बांच्या पायांवर पडला आणि उठेना. पाटलांना खाली बसून त्याला फेटा बांधावा लागला. त्याचा बाप मध्ये येऊन नुसता उभा राहिला, फेट्याला हात लावू का नको करत. चार दिवसांनी चिमा खाचरं बघायला डोंगरात गेला तो कायमचा. कुस्ती पुन्हा खेळला नाही. जुन्नरला मात्र अब्बांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. गेलेल्या बापाला हरवून आलास, असं तोंडावर म्हणणारे भेटले. अब्बा ऐकून घ्यायचे. परवा माझ्या नातवाने मला खोडदला नेऊन त्या आभाळाकडे तोंड केलेल्या, दुर्बिणीच्या मोठाल्या छत्र्या दाखवल्या. म्हणाला, नानी, कधीच विझून गेलेल्या ताऱ्यांचे आवाज यात आता पोचतात. त्याला वाटलं मी थक्क होईन. मी म्हटलं, "असेल बाबा."

त्या दिवशी फडात एक माणूस सगळ्यांत जास्त मोडला, तो म्हणजे नामूतात्या. सगळे फेट्याभोवती गोळा झाले आणि हे आपले मातीत बसून राहिले, काठी आडवी टाकून. अब्बा त्यांच्याजवळ गेले, मीही गाडीवरून उडी टाकून गेले. तात्या म्हणाले, "असं कसं म्हनलास रं तू? आता म्या काय सांगू लोकास्नी? जल्मभर एकच सांगत आलोय." अब्बा त्यांच्या शेजारी मातीत बसले. "जे झालं तेच सांगा, तात्या," ते म्हणाले. "चिमानं कसं पाडलं ते सांगा. तुमच्यापेक्षा चांगलं कोण सांगनार?" तात्यांनी माझा हात चाचपडून धरला आणि विचारलं, "नुरे, मला दिसलं न्हाई. तू वरनं बगितलंस. वर उचलला तवा बाबूमियाँचं तोंड कसं व्हतं?" मी बारा-तेरा वर्षांची पोर, बडे अब्बांना कधी पाहिलेलं नाही, घरात तसबीरही नाही. पण मी उगाच काही सांगितलं नाही. मी पाहिलं होतं. म्हटलं, "तात्या, ते हसत होते."